सोमवार, संध्याकाळी सात

आम्ही राहतो बनेद अल-गारला. हे नाव पहिल्यांदा ऐकलं की मराठी माणूस हमखास फसतो. २००१ साली नोकरीवर रुजू झाल्यावर मी आईला फोनवरून पत्ता सांगितला, तेव्हा ती समाधानाने म्हणाली, "चला, निदान नावात तरी गारवा आहे!" आता ज्या देशात मुत्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली, त्या देशात गारवा कसला? अरबीतला 'गार' म्हणजे डांबर. लाकडी गलबतांना लागणारं डांबर या किनाऱ्यावर उतरत असे, म्हणून हे नाव पडलं, असं इथले जुने लोक सांगतात.

ही माहिती मला मिळाली तेव्हा मला इथे राहून तेरा वर्षं झाली होती. तेरा वर्षं ज्या शब्दाने माझी पत्रं येत होती, त्याचा अर्थ मी कुणालाही विचारला नव्हता. अमेरिकेत एम.एस. केलेला, ऑफिसात 'आधी मूळ कारण शोधा' म्हणून ज्युनिअर इंजिनिअरांच्या मागे लागणारा माणूस मी! तो अर्थ कसा कळला, आणि त्या पाठोपाठ आणखी काय काय कळलं, ते आपल्या अंकाच्या वाचकांना सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

वहीतल्या तीन ओळी

गोष्ट २०१४ ची. आमची मुलगी तेव्हा पाचवीत होती. शाळेत प्रोजेक्ट मिळालं : 'माझे शहर'. आमच्या घरी उत्साहाला काय तोटा! मी लालबागचा, सौ. अलिबागजवळची. दोन तासांत मुंबईवर चार पानं तयार झाली, गेटवेचं चित्र चिकटवून झालं. मग मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, पण टीचर म्हणाल्या, आपण राहतो ते शहर."

मुंबई तिने पाहिली होती ती उन्हाळ्याच्या सुट्टीत, वर्षातून एक महिना. तिचा जन्म कुवेतचा, बालवाडी कुवेतची, सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला तोही इथल्याच फुटपाथवर. तेव्हा मुंबईची पानं बाजूला ठेवून तिने लिहायला घेतलं. कुवेत हे मोठे शहर आहे. इथे तीन टॉवर आहेत. इथे खूप ऊन असते. चौथी ओळ काही तिला सुचेना. मलाही सुचेना. शेवटी मी म्हणालो, "लिही, पेट्रोल स्वस्त आहे."

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली की अशा नजरेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांचं असंच असतं, नाही का? आपण इकाम्यावर राहणारी माणसं. आज ना उद्या जायचं आहे, या हिशोबाने घरातला सोफासुद्धा जाणाऱ्या माणसाकडून घेतलेला, आणि आपण जाताना तो पुढच्याला देणार. भिंतीवर खिळा ठोकायचा झाला तरी हारिसला विचारायचं. गणपती बसवतो, दिवाळी पहाट करतो, कोजागिरीला दूध आटवतो, आणि ज्या गावात हे सगळं करतो त्या गावाकडे मात्र वेटिंग रूमकडे पाहावं तसं पाहतो. आपल्याला ते चालतं, कारण आपलं गाव दुसरीकडे आहे. पण मुलांचं काय? त्यांचं सगळं बालपण जर वेटिंग रूममध्येच गेलं, तर पुढे कुणी 'तू कुठली?' असं विचारल्यावर त्यांनी काय सांगायचं?

प्रोजेक्ट तसंच दिलं गेलं. पण सौ.ने पुढच्याच आठवड्यात पेपरातल्या कार्यक्रमांच्या सदरावर खूण करून ठेवली. "अहो, हे बघा. सोमवारी संध्याकाळी सात वाजता व्याख्यान आहे. मोत्यांच्या व्यापारावर. इंग्रजीत. तिकीट नाही. जायचंय."

"अगं, ते त्यांचं सरकारी असेल. आपल्याला काय त्याचं?"

"म्हणूनच जायचं," असं म्हणून तिने विषय संपवला.

आणि आम्ही गेलो.

एका नाकाला चिमटा

हा कार्यक्रम होता 'दार अल-आथार अल-इस्लामिया' या संस्थेचा. नाव लांबलचक असलं तरी संस्थेची ओळख सोपी आहे. शेख नासिर सबाह अल-अहमद अल-सबाह यांनी सत्तरच्या दशकात इस्लामी जगातल्या कलावस्तू गोळा करायला सुरुवात केली. लंडनमध्ये घेतलेल्या एका जुन्या मिनेकारीच्या काचेच्या कुपीपासून हा नाद लागला म्हणतात. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी शेखा हुस्सा सबाह अल-सालिम यांनी हा संग्रह फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारच्या स्वाधीन केला, तो लोकांना पाहता यावा म्हणून. मालकी घराण्याची, पण संग्रह कायमचा उसना दिलेला. राष्ट्रीय संस्कृती, कला व साहित्य परिषद या सरकारी खात्याखाली हे काम चालतं. संग्रहात आज सुमारे तीस हजार वस्तू आहेत. आणि वस्तू मांडून ठेवण्याइतकंच महत्त्वाचं दुसरं काम म्हणजे व्याख्यानं, मुलांसाठी कार्यशाळा, संगीताच्या मैफली. ही व्याख्यानमाला नव्वदच्या दशकापासून चालत आली आहे. साधारण शरद ऋतूत सुरू होऊन उन्हाळा कडक होण्याआधी संपते. व्याख्यानाचा वार सोमवार, वेळ संध्याकाळी सात.

सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. पुढच्या रांगेत दोन वयस्कर कुवेती बायका वह्या घेऊन बसल्या होत्या. दूतावासांतले काही गोरे, काही लेबनानी, दोघे-तिघे दक्षिण भारतीय. मराठी बहुधा आम्हीच चौघे. धाकटा सात वर्षांचा. तो दहा मिनिटांत झोपणार या तयारीने मी मागच्या रांगेतल्या कडेच्या खुर्च्या पकडल्या होत्या.

व्याख्यान सुरू झालं आणि दिवे मंद झाले. पडद्यावर जुनी छायाचित्रं येऊ लागली. तेल निघण्याआधीचं कुवेत. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने शेकडो गलबतं मोती काढायला समुद्रात असायची. पाणबुड्याच्या पायाला दगड, गळ्यात जाळीची पिशवी आणि नाकाला शिंगाचा किंवा कासवाच्या पाठीचा चिमटा. वर गलबतावर त्याचा दोर धरून बसलेला सोबती. दिवसभरात असंख्य बुड्या. ठरलेला पगार नाही, मोसमाच्या शेवटी वाटा. आणि मोसमाआधी घरखर्चाला घेतलेली उचल त्या वाट्यातून फिटली नाही, तर कर्ज पुढच्या मोसमावर. बाप गेला तर मुलाच्या डोक्यावर. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

वक्त्यांनी पुढे गलबताच्या कप्तानाचा उल्लेख केला, 'नोखदा'. सौ.ने माझ्या दंडाला इतक्या जोरात कोपर मारलं की मी दचकलो. "नाखवा!" ती कुजबुजली. "अहो, आमचा नाखवा!" मूळ फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. तो एका बाजूला कुवेतच्या किनाऱ्याला लागला, दुसऱ्या बाजूला रेवदंड्याच्या. कोळीगीतांत शंभरदा ऐकलेला शब्द पर्शियन आखाताच्या काठी एका सरकारी सभागृहात असा अचानक भेटला!

मग आली मुंबई. इथले मोठे मोती-व्यापारी, ज्यांना 'तव्वाश' म्हणत, ते माल घेऊन मुंबईला जात. आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबईच होती. तिथे मोती पारखले जात, विंधले जात आणि पुढे युरोपापर्यंत जात. मोत्याची किंमत नुसत्या वजनावर ठरत नसे, वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढे, त्यासाठी 'चव' नावाचं हिशोबी माप होतं. दुप्पट वजनाचा मोती म्हणजे चौपट किंमत. इथे मात्र माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. व्यवहारातलं ते वर्गसमीकरण निरक्षर व्यापाऱ्यांच्याही बोटांवर होतं, हे ऐकून मी चक्क खिशातलं पेन काढलं.

कुवेतमध्ये १९६१ पर्यंत आपला रुपया चालत होता, हे मला ऐकून माहीत होतं. पण तो 'का' चालत होता, ते त्या संध्याकाळी कळलं. मोती मुंबईला, लाकूड मलबारातून, तांदूळ, कापड, मसाले हिंदुस्थानातून. मग पैसा दुसरा कुठला असणार? पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले, त्यात १९२९ ची मंदी, आणि हा धंदा बसला. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं, १९४६ मध्ये पहिली निर्यात झाली. मधली वर्षं इथल्या माणसांनी कशी काढली असतील, याचा विचार पेट्रोल स्वस्त आहे म्हणून सांगणाऱ्याने कधी केलाच नव्हता.

व्याख्यानानंतर चहा होता. पुढच्या रांगेतल्या त्या दोघींपैकी एक बाई आमच्या मुलीशी बोलायला आल्या. कुठे राहतेस? बनेद अल-गार. 'गार' म्हणजे काय, ठाऊक आहे? आणि त्यांनीच ती डांबराची गोष्ट सांगितली. मी शेजारी उभा राहून बिस्किट खात होतो आणि मनातल्या मनात तेरा वर्षं मोजत होतो.

घरी आल्यावर सौ.ने कपाटातून डबी काढली. कापसात गुंडाळलेली तिच्या आजीची नथ. आपल्याकडे नथीचे चांगले मोती म्हणजे 'बसऱ्याचे मोती', हे पिढ्यान्‌पिढ्यांचं वाक्य. आखातातला माल ज्या बंदराच्या नावाने ओळखला गेला, त्या बंदराचं नाव मोत्याला चिकटलं इतकंच. मुलीने माझं भिंग आणलं. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाली, "आई, म्हणजे त्या माणसाच्या नाकाला चिमटा होता, म्हणून पणजीच्या नाकात नथ आली?"

यावर आम्हा दोघांना काही बोलता आलं नाही.

हा नेमका मोती कुवेतच्याच गलबताने काढला, की बहरीनच्या, की आणखी कुणाच्या, ते कुणीच सांगू शकणार नाही. पण समुद्र हाच. आमच्या गच्चीवरून दिसतो तो. त्या रात्री मुलीने 'माझे शहर' पुन्हा लिहिलं. शाळेत ते द्यायचं नव्हतं. तरी सहा पानं झाली.

एका खड्यावर दोन ओळखीची नावं

त्यानंतर आम्हाला सोमवारची सवय लागली. दर सोमवारी जमलं असं नाही. परीक्षा, पाहुणे, माझी शटडाऊनची कामं. पण महिन्यातून एकदा तरी नक्की. विषय कधी इराणातल्या फरशा, कधी अरबी लिपी, कधी जुनी वैद्यकशास्त्रं. सगळं समजायचंच असं नाही. धाकटा सुरुवातीला झोपायचा, मग हळूहळू फक्त अर्धा वेळ झोपायला लागला.

तो पूर्ण जागा राहिला ती संध्याकाळ मला आठवते. विषय होता हिंदुस्थानातली रत्नकला. या संग्रहातल्या मुघलकालीन जडजवाहिराचं प्रदर्शन २००१ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भरलं आणि पुढे अमेरिकेतही फिरलं. कुंदनकामाबद्दल ऐकून मी थक्क झालो. सोनं इतकं शुद्ध करायचं की त्याचे पातळ पत्रे नुसत्या दाबाने, कुठलीही आच न देता, एकमेकांत एकजीव होतात. धातुशास्त्रात ज्याला आम्ही 'कोल्ड वेल्डिंग' म्हणून शिकलो, ते आपले जडिये आणि सोनार शतकानुशतकं करत आले आहेत. अमेरिकेत एम.एस. करताना माझ्या एकाही पुस्तकात त्यांचा उल्लेख नव्हता. आणि मीही कधी शोधला नव्हता.

मग पडद्यावर एक लालबुंद खडा आला. लाल, म्हणजे माणकासारखा दिसणारा स्पिनेल. वजन २४९.३ कॅरट. त्यावर बादशहांची नावं कोरलेली. सर्वांत जुनं समरकंदच्या उलुग बेगचं, मग इराणच्या शाह अब्बासचं, मग जहांगीर, शाहजहान, आलमगीर म्हणजे औरंगजेब, आणि शेवटी अहमदशाह दुर्रानी, म्हणजे आपण ज्याला अब्दाली म्हणतो तो. धाकटा एकदम ताठ बसला. शिवाजी महाराजांच्या गोष्टींवर वाढलेला मुलगा! "बाबा, औरंगजेब? आणि पानिपतवाला? दोघंही एकाच दगडावर?"

होय रे बाबा, दोघंही. जो औरंगजेब पंचवीस वर्षं दख्खनमध्ये तळ ठोकून बसला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ गेला, आणि ज्या अब्दालीने १७६१ मध्ये आपली एक पिढी कापली, त्या दोघांच्या हातांतून गेलेला खडा आज आमच्या घराजवळच्या एका संस्थेच्या ताब्यात आहे. हातावरून हात बदलत सहा नावं आली आणि गेली. ज्याने त्याने तो आपला म्हणून त्यावर नाव कोरलं. दगड कुणाचाच राहिला नाही.

घरी येताना गाडीत धाकट्याचे प्रश्न संपेनात. पानिपत का हरलो, अब्दाली परत का गेला, दगड त्याच्याकडे कसा आला. रणजित देसाई आणि विश्वास पाटील यांची पुस्तकं त्या वर्षीच्या सुट्टीत मुंबईहून आली. मराठीत वाचायला तो इतकी वर्षं कुरकुरत होता. आता 'मला कळेल एवढं वाचून दाखव' म्हणून आईच्या मागे लागला. मराठी शाळेच्या वर्गांना जे जमलं नव्हतं, ते एका लाल खड्याने केलं. (आपल्या मराठी शाळेच्या शिक्षकांनी रागावू नये. त्यात सौ.सुद्धा आहेत.)

इमारत जळाली, सोमवार राहिला

आता थोडं गंभीर.

हा संग्रह ज्या इमारतीत प्रथम मांडला होता, ते गल्फ रोडवरचं राष्ट्रीय संग्रहालय. फ्रेंच वास्तुविशारद मिशेल एकोशार यांच्या आराखड्यावरून उभं राहिलेलं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. आपल्या मंडळातल्या जुन्या सभासदांनी ते दिवस अंगावर काढले आहेत. आधी बगदाद, मग वाळवंटातून अम्मान, तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबई. सुमारे १,७०,००० भारतीय त्या वेळी असे परत गेले. कुणाचं सामान गेलं, कुणाचा प्रॉव्हिडंट फंड गेला, कुणाची वीस वर्षं गेली. एका कुटुंबाने फक्त देवघरातला गणपती आणि मुलांची प्रमाणपत्रं उचलली होती, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. आमच्या बनेद अल-गारमध्ये तेव्हा अमेरिकन दूतावास होता. तोही महिनोन्‌महिने वेढ्यात होता.

त्याच काळात संग्रहालय रिकामं केलं गेलं. वस्तू खोक्यांत भरून ट्रकांनी बगदादला नेल्या. माघार घेण्याआधी इमारतीला आग लावली गेली. मोरोक्कोतल्या फेझ गावचे चौदाव्या शतकातले प्रचंड लाकडी दरवाजे आकारामुळे नेता आले नव्हते, ते जळून गेले. नशिबाने शंभराहून अधिक निवडक वस्तू तेव्हा लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात प्रदर्शनासाठी गेलेल्या होत्या, त्या वाचल्या. देश परक्यांच्या ताब्यात असताना त्या वस्तू तिथून पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला गेल्या. १९९१ च्या अखेरीपर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली बगदादला नेलेल्या बहुतेक वस्तू परत आल्या. काही तुटलेल्या होत्या. काही आल्याच नाहीत.

मला विचार करायला लावणारी गोष्ट याच्या पुढची आहे. इमारत जळालेली, दालनं काजळलेली, मांडायला जागा नाही. अशा वेळी साधारणपणे माणूस काय म्हणेल? आधी इमारत होऊ द्या, मग कार्यक्रमाचं बघू. इथे उलट झालं. दालनं बंदच राहिली, पण व्याख्यानं सुरू झाली. आधी मैदान हवल्लीमधल्या जागेत, पुढे गल्फ रोडवर संसद भवनाजवळच्या 'अमेरिकानी'मध्ये, मग यारमूकच्या सांस्कृतिक केंद्रात. जागा बदलत गेली, सोमवार तोच राहिला.

'अमेरिकानी'बद्दल एक इंजिनिअर म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते मुळात अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल. पुरुषांची इमारत १९१४ ची, स्त्रियांची १९३९ ची. कुवेतमधल्या सुरुवातीच्या काँक्रीट-लोखंडाच्या बांधकामांपैकी. १९१२ मध्ये इथे आलेल्या डॉ. एलिनोर कॅल्व्हर्ली या इथल्या पहिल्या स्त्री-डॉक्टर. १९६७ मध्ये हॉस्पिटल बंद झालं. समुद्राच्या खाऱ्या हवेत आतलं लोखंड कसं गंजून फुगतं आणि काँक्रीट कसं फुटतं, हे आमच्या धंद्यात रोजचं दुखणं. अशी इमारत पाडून नवी बांधणं केव्हाही सोपं आणि स्वस्त. पण ती दुरुस्त करून त्यात शिकवण्याचं काम सुरू केलं. जिथे एके काळी बायका बाळंतपणाला येत, तिथे आता शाळेची मुलं रांगेने येतात. कुणी मला त्या इमारतीचा हिशोब मांडायला सांगितला असता, तर मी तिला पाडायच्या यादीत टाकली असती. हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो.

राणीच्या बागेतला हत्ती

दुसऱ्यांचं कौतुक करताना स्वतःच्या अंगणात पाहिलं नाही तर ते खोटं. मी लालबागचा, म्हणजे भायखळ्याची राणीची बाग आमची हक्काची. तिथल्या संग्रहालयाबाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. लहानपणी तो कितीदा पाहिला, त्याची गणती नाही. पण आत? आत मी पहिल्यांदा गेलो तो वयाच्या चाळिशीत, मुलांना घेऊन.

१८७२ मध्ये लोकांसाठी उघडलेलं, १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. मालकी महापालिकेची. मोडकळीला आलेली ती इमारत दुरुस्त होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडली, आणि त्यानंतर तिथेही व्याख्यानं, मुलांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. मुंबईच्या कष्टकऱ्यांचे, गलबतांचे, पगड्यांचे छोटे छोटे मातीचे नमुने पाहताना मुलगी म्हणाली, "बाबा, हे तुमच्या घरापासून चालत आहे, आणि तुम्ही आत आलाच नाहीत?"

तेव्हा लक्षात आलं, दोष परदेशाचा नव्हता. 'ते सरकारी आहे, आपल्याला काय त्याचं' हे वाक्य मी कुवेतला येताना लालबागहूनच सोबत आणलं होतं.

मग आपण काय करायचं?

मुलगी २०२२ मध्ये शिकायला पुण्याला गेली. जाताना तिच्या बॅगेत लोणचं, गोधडी आणि एक छोटी कुवेती सादू विणीची पिशवी होती. पहिल्या आठवड्यात होस्टेलवर विचारणा झाली, तू कुठली? मला या प्रश्नाची धास्ती होती. इथे जन्मून इथली नाही, आणि तिथे नाव मराठी असून बोलण्यात कुठेतरी परकी. रात्री फोनवर मी विचारलं, काय सांगितलंस?

"सांगितलं, बनेद अल-गारची. मग त्यांनी विचारलं, गार म्हणजे थंड का? मग डांबर सांगितलं, गलबतं सांगितली, पणजीची नथ सांगितली. बाबा, अर्धा तास गेला!"

पुण्यात ती पहिल्यांदा गेली ती राजा केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने उभा केलेला आणि पुढे सरकारच्या हवाली केलेला तो अडकित्त्यांचा, दिव्यांचा, दारांचा संसार. मैत्रिणींना तिनेच नेलं. म्हणाली, आमच्याकडे असंच एक आहे. 'आमच्याकडे' हा शब्द तिने कुवेतसाठी वापरला, आणि मला ते ऐकायला बरं वाटलं.

मंडळी, आपल्याला इथे स्वतःची वास्तू नाही. मंडळाचा गणपती दर वर्षी वेगळ्या हॉलमध्ये, मराठी शाळा कुणाच्या तरी दिवाणखान्यात. आपण नेहमी म्हणतो, जागा असती तर काय काय केलं असतं! पण जागा जळून गेल्यावरही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी माणसं जमवत राहता येतं, हे याच गावात पाहायला मिळालं. आपल्याजवळ तेवढा वार आणि तेवढी वेळ नक्कीच आहे.

म्हणून माझी एक साधी सूचना. प्रत्येक तिमाहीत एकदा मंडळातर्फे आठ-दहा कुटुंबांनी मुलांसह अशा एखाद्या व्याख्यानाला किंवा दालनाला जावं. वेळापत्रक आणि जागा आधी पाहून घ्यावी, त्या बदलतात. आणि त्याच तिमाहीत मराठी शाळेचा एक तास घरातल्या जुन्या वस्तूंना द्यावा. कुणी नथ आणावी, कुणी आजोबांचा पानदान, कुणी १९९० मध्ये अम्मानमार्गे परत गेलेल्या विमानाचं तिकीट जपून ठेवलं असेल तर ते आणावं. मुलांनी हातात घ्यावं, विचारावं, लिहावं. त्यातले निवडक लेख पुढच्या अंकात छापता येतील. संपादकांशी मी बोललो आहे. त्यांनी मान हलवली आहे, म्हणजे होकार धरायला हरकत नाही.

पहिल्या फेरीला आमच्या गाडीत तीन जागा आहेत. सोमवारी सव्वासहाला निघतो. बनेद अल-गारहून. चहा तिथे मिळतो.